फॉर्मवर सही करण्याआधी

मे महिना सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुतेक एकच असतो. मूल सातवी किंवा आठवी संपवून वर गेलेलं असतं, शाळेने एक फॉर्म हातात दिलेला असतो आणि तो दोन-चार दिवसांत परत द्यायचा असतो. हिंदी की संस्कृत, सेमी की मराठी, तांत्रिक विषय घ्यायचा की नाही. नाशिकच्या शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवलं आणि पुढे पर्यवेक्षिका म्हणून हेच फॉर्म गोळा केले, तुकड्या लावल्या. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय विचार चालतो तेही मला ठाऊक आहे. पत्रं वाचताना मी प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न लावते: हा आज निवडला आणि दोन वर्षांनी मन बदललं, तर बदलता येईल का? ‘हो’ असेल तर त्यावर झोप घालवू नका. ‘नाही’ असेल तर शाळेकडे आठवडाभर मुदत मागा. मागितली तर बहुतेक शाळा देतात.

प्रश्न : मुलगी आठवीत जातेय. पूर्ण हिंदी, हिंदी-संस्कृत संयुक्त आणि पूर्ण संस्कृत असे तीन पर्याय आहेत. सगळे सांगतात, संस्कृत घ्या, नव्वदच्या पुढे गुण पडतात. तिला पाठांतराचा कंटाळा आहे आणि आमच्या घरात संस्कृत कोणालाच येत नाही.
– एक आई, इंदिरानगर

ताई, आधी गुणांचा हिशोब करू, कारण सगळा आग्रह त्यावरच चाललाय. दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुणांचे. टक्केवारी मात्र सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून, म्हणजे ५०० पैकी काढतात. सहाव्या विषयात पास व्हावं लागतं, पण त्याचे गुण टक्केवारीत येत नाहीत. समजा, तुमच्या मुलीला हिंदीत ७८ मिळाले आणि बाकीच्या पाचांत ८२ किंवा त्याहून जास्त. मग हिंदीचे ७८ कुठे मोजलेच जात नाहीत. हिंदीच्या जागी संस्कृत असतं आणि त्यात ९५ मिळाले असते, तर ८२ चा विषय बाहेर गेला असता आणि १३ गुण वाढले असते. ५०० पैकी १३, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. कॉलेज रोडवरच्या सायन्सच्या कटऑफसमोर अडीच टक्के ही मोठी गोष्ट आहे, हे मी नाकारत नाही. पण हा सगळा हिशोब ९५ वर उभा आहे. मन नसताना संस्कृत शिकणाऱ्या मुलांचे पेपर मी पाहिलेत. तिथे ९५ नसतात. आणि नावडता विषय तीन वर्षं रोज दप्तरात असतो, तो वेगळाच.

तिला पाठांतराचा कंटाळा आहे, एवढ्यावरून मात्र संस्कृत सोडू नका. सुभाषितं आणि रूपं पाठ करावी लागतात हे खरं, पण विभक्ती, धातू, संधी हा सगळा नियमांचा खेळ आहे. ज्या मुलांना बीजगणितात पायऱ्या लिहायला आवडतात, त्यातल्या बऱ्याच जणांना संस्कृतचं व्याकरण आवडतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. आठवीचं संस्कृत उतरवून घ्या आणि दोन-तीन संध्याकाळी तिच्याजवळ बसून पहिले पाठ मोठ्याने वाचा. अर्थ लागल्यावर ती पुढचं पान उलटते की मोबाइल मागते, तेवढं बघा. मला दुसरी कुठली चाचणी याहून भरवशाची वाटत नाही.

संयुक्तबद्दल थोडं स्पष्ट बोलते. ५० गुण हिंदी आणि ५० संस्कृत म्हणजे अर्धा भार, असं पालकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन पुस्तकं, दोन व्याकरणं आणि दोन्हींचा अभ्यास वेगळा. दोन्ही भाषा आवडणाऱ्या मुलासाठी तो छान पर्याय आहे. घरात निर्णय होत नाही म्हणून मधला रस्ता, असं करून तो घेऊ नये.

घरात संस्कृत येत नाही याची काळजी सोडा, कित्येकांच्या घरी येत नाही. त्यापेक्षा शाळेत जाऊन विचारा, संस्कृतच्या शिक्षकांची जागा भरलेली आहे का, की दरवर्षी तासिका तत्त्वावर नवीन कोणी येतं? तीन वर्षं एकच चांगले शिक्षक मिळणार असतील तर माझं मत संस्कृतकडे झुकेल. नाहीतर पूर्ण हिंदी घ्या आणि निश्चिंत राहा. कारण या तीनपैकी काहीही घेतलं तरी अकरावीला कला, वाणिज्य, विज्ञान, काहीच बंद होत नाही.

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. मुलगा गणितात पहिल्यापासून चांगला. आठवीला मोठ्या गावातल्या हायस्कूलात घातला. तिथे एक चाचणी घेतली, ती इंग्रजीतून होती, आणि त्याला ‘ड’ तुकडीत पूर्ण मराठी माध्यमात टाकलं. सेमी फक्त अ आणि ब ला आहे. सर म्हणाले, पुढे बघू. याचा सायन्सचा रस्ता आताच बंद झाला का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

दादा, नाही झाला. हे आधी मुलाला सांगा, मग पुढचं वाचा.

सेमीमध्ये गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून असतात, बाकी सगळं मराठीतून. अभ्यासक्रम तोच, मंडळ तेच, प्रश्नही तेच, फक्त भाषा वेगळी. मराठी माध्यमातून दहावी करून सायन्सला जाणारी मुलं दरवर्षी असतात. फरक एवढाच, की इंग्रजी शब्दांचा चढ सेमीच्या मुलांना आठवीत लागतो आणि मराठी माध्यमाच्या मुलांना अकरावीत. अकरावीत तो एकदम अंगावर येतो, म्हणून तयारी आतापासून हवी. पुढच्या परीक्षांचंही सांगून ठेवते. मेडिकलची नीट मराठीतून देता येते. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतून देता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो.

आता त्या चाचणीबद्दल. इंग्रजीतून घेतलेल्या चाचणीने मुलाचं इंग्रजी मोजलं, गणित मोजलंच नाही. ज्या शाळेत इंग्रजी बोलायची सवयच नव्हती तिथून आलेला मुलगा या मोजणीत मागे पडणार हे उघड आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत प्रवेश देताना चाळणी परीक्षा घेता येत नाही. शाळा म्हणेल, प्रवेश तर दिलाच, ही चाचणी तुकडीसाठी होती. म्हणून कायद्याचा कागद पुढे करून भांडायला जाऊ नका, त्यात मुलाची तीन वर्षं अवघड होतात. मुख्याध्यापकांची वेळ घ्या आणि शांतपणे विचारा: तुकड्या कशावरून लावल्या, त्यांचा फेरविचार कधी होतो आणि तो कोण करतं? मग एका पानाचा अर्ज द्या. मुलाची गणिताची चाचणी एकदा मराठीतून घ्यावी आणि प्रथम सत्राच्या निकालानंतर तुकडीचा फेरविचार व्हावा, एवढंच त्यात लिहा. आवक नोंद करून घ्या, शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. ‘पुढे बघू’ हे तोंडी राहतं. कागदावर आलं की कोणाला तरी ते बघावंच लागतं.

बदल करायचाच तर आठवीत, फार तर नववीच्या सुरुवातीला. नववीच्या मध्यात सेमीला गेलेली मुलं दोन्हीकडून चाचपडतात. म्हणून या वर्षीचं प्रथम सत्र तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे ऑक्टोबर छाटणी आणि ही परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. बागेत त्या दिवसांत किती हात लागतात ते मला माहीत आहे. तरी या वर्षी ते पंधरा दिवस त्याला बागेच्या कामातून मोकळं ठेवा.

तोवर विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तकही घरात आणा. मराठीतला पाठ वर्गात झाला की तोच पाठ इंग्रजीतून वाचायचा, आणि एका वहीत शब्दांच्या जोड्या लिहायच्या: त्वरण, ॲक्सिलरेशन, संवेग, मोमेंटम, अपवर्तन, रिफ्रॅक्शन. रोज पाच जोड्या पुष्कळ झाल्या. तुकडी बदलली तर ही वही लगेच कामाला येईल, नाही बदलली तर अकरावीला.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, आणि ती शाळांनीही वाचावी. गुणांच्या क्रमाने अ, ब, क, ड लावणं मला कधीच पटलं नाही. अनुभवी शिक्षक आपसूक ‘अ’ कडे जातात, आणि ‘ड’ मधल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं की आपल्याकडून कोणाची फार अपेक्षा नाही. तो हात वर करायचा थांबतो. तेरा वर्षांच्या मुलावर इतक्या लवकर छाप मारायचा अधिकार कोणालाच नाही. मिश्र तुकड्या शिकवायला कठीण असतात हे खरं आहे, मी त्या शिकवल्या आहेत. तरीही मिश्रच असाव्यात. तुमच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा होईल तेव्हा हा मुद्दा मांडा. तुमच्या गावातून आलेल्या इतर मुलांचे पालकही सोबत असू द्या.

प्रश्न : मी अंबडला एका कंपनीत सीएनसी मशिन चालवतो. मुलगा नववीत जाईल. हाताने काही जोडणं, खोलणं याची त्याला फार हौस. शाळेत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचा विषय आहे. सासरची मंडळी म्हणतात, असले विषय मागे पडलेल्या मुलांसाठी. मला तसं वाटत नाही, पण खात्रीही नाही.
– एक वडील, सिडको

तुम्हाला वाटतं ते बरोबर आहे. ज्यांनी मशिन चालवताना पाहिलेलंच नाही, त्यांच्या मतावर मुलाचा विषय ठरवू नका.

कोणता विषय सोडावा लागतो ते मात्र नीट समजून घ्या. व्यवसाय शिक्षणाचा विषय हिंदी किंवा संस्कृतच्या जागी येतो. गणित, विज्ञान, इंग्रजी जागेवरच राहतात, म्हणून पुढचं काही अडत नाही. मुलाला अकरावी सायन्सला जावंसं वाटलं तर जाता येईल. दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जायचं तर प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी सीईटी नसते. नाशिकला शासकीय तंत्रनिकेतन आहेच. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयला गेला तरी दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे कंपनीत काम करता करता पदवीपर्यंत पोचायची वाट आहे.

काळजी घ्यायची ती गणिताची. हाताने हुशार असलेली मुलं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात अडकतात ती बहुतेक वेळा गणितात. नववी-दहावीत त्याची भूमिती आणि त्रिकोणमिती कच्ची राहू देऊ नका. इथे तुमचा उपयोग कुठल्याही क्लासपेक्षा जास्त आहे. ड्रॉइंग वाचताना, टेपर काढताना, जॉबचा कोन मोजताना तुम्ही रोज जे करता ते त्याला कागदावर करून दाखवा. टॅन थीटा कशाला लागतो हे एकदा बापाच्या हातून कळलं की त्याला ते पाठ करावं लागणार नाही.

शाळेत विचारायचं ते एवढंच: प्रात्यक्षिकाचे तास खरोखर होतात का, साहित्य कपाटात आहे की टेबलावर, आणि शिकवणारे वर्षभर असतात का? एकदा तास चालू असताना जाऊन पाहा. साहित्य कुलुपात असेल तर हिंदीच बरी.

प्रश्न : मुलगा आठवीत. तोंडी सगळं येतं, लिहिताना अक्षरं उलटसुलट, काना-मात्रा गायब. बाई म्हणाल्या, तपासणी करून घ्या. घरचे म्हणतात, शिक्का बसेल.
– एक आई, नाशिक रोड

ताई, बाईंचं ऐका आणि याच वर्षी ऐका. अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही लिहिण्या-वाचण्यात येणारी अडचण, हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेला प्रकार आहे. अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना मंडळाच्या परीक्षेत जास्त वेळ, गरज असेल तर लेखनिक आणि विषयांच्या बाबतीत काही सवलती मिळतात. प्रमाणपत्राला वेळ लागतो, चाचण्या होतात, पुन्हा बोलावतात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणारे पालक मी पाहिलेत, आणि त्यांची मुलं त्या ताणातच परीक्षेला बसतात. जिल्हा शासकीय रुग्णालयात आधी चौकशी करा. शाळेकडून मुलाच्या दोन-तीन वह्या आणि उत्तरपत्रिकांच्या प्रती घेऊन जा, तपासणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो.

शिक्का आत्ताही आहे, ‘आळशी’ म्हणून. तो पुसला जाईल. आणि तोंडी सगळं येतंय, तर विषय निवडताना त्याला खालच्या पायरीवर बसवू नका. फक्त तिसरी भाषा घेताना जिथे कमी लिहावं लागेल ते बघा.

प्रश्न : मी नववीत आहे. मला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचं आहे. घरी म्हणतात, आधी दहावी कर, मग बघू. अकरावीला काय घ्यावं लागेल?
– एक विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

तू आत्ता विचारलंस हे फार बरं केलंस, कारण गणिताचा निर्णय नंतर फिरवता येत नाही.

एनडीएच्या लेखी परीक्षेत दोन पेपर असतात: गणित ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमता ६०० गुणांचा. त्यानंतर ९०० गुणांची एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. म्हणून अकरावीला सायन्स घे आणि गणित सोडू नकोस. ‘जीवशास्त्र घे, गणित सोड, टक्के वाढतील’ असं सांगणारं कोणीतरी नक्की भेटेल. मग हवाई दल आणि नौदल दोन्ही गेले, आणि इंजिनीअरिंगही गेलं. बारावीच्या वर्षातच परीक्षा देता येते, वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि त्यातल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. घरी हे सांग. आणि हेही सांग, की याच तयारीसाठी राज्य शासनाची मुलींची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था २०२३ मध्ये आपल्या नाशिकमध्येच सुरू झाली. तिथे अकरावी-बारावीबरोबर तयारी करून घेतात, प्रवेश परीक्षेने होतो. दहावीच्या वर्षात त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. दहावी झाल्यावर ‘मग बघू’ म्हणशील तर अर्जाची मुदत निघून गेलेली असेल.

तिथे नाव लागलं नाही तरी वाट आहे. अकरावीचे प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन होतात आणि दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. एक नियम पक्का लक्षात ठेव: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिही जिथे खरंच जायचं आहे. देवळालीहून रोजचा प्रवास करून सकाळी पळायला वेळ उरेल का, हेही पसंतीक्रम भरताना धर. एनडीएला जायचं म्हणजे अंगात दमही हवा.

नववीत आत्ता काय करायचं? गणिताची दोन्ही पुस्तकं एकही सरावसंच न सोडता पूर्ण कर, रोज मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान वाच, आणि शाळेत एनसीसी असेल तर नाव दे.

दोन छोट्या प्रश्नांची उत्तरं.

‘चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे गुण दहावीत मिळतात का?’ (म्हसरूळ) हो. इंटरमिजिएटला अ श्रेणीचे ७, ब चे ५, क चे ३ जादा गुण मिळतात. त्याआधी एलिमेंटरी पास असावी लागते. मुलगा आठवीत असेल तर या वर्षी एलिमेंटरी आणि पुढच्या वर्षी इंटरमिजिएट, असा आराखडा बसतो. दहावीच्या वर्षावर काही ठेवू नका.

‘सीबीएसईतून राज्य मंडळात नववीला आणावं का?’ (गंगापूर रोड) आणायचंच असेल तर आठवीला आणा. नववीत नवी शाळा, नवी उत्तरं लिहायची पद्धत आणि मराठीचा मोठा पेपर हे सगळं एकदम येतं. सीबीएसईच्या शाळांतही २०२० च्या कायद्याने मराठी शिकवावी लागते, पण राज्य मंडळाच्या प्रथम भाषेच्या पेपरची पातळी वेगळी आहे. सुट्टीत त्याच्याकडून आठवीच्या मराठीचे दोन पाठ वाचून घ्या आणि त्यांवर प्रत्येकी अर्धं पान लिहून घ्या. ते अर्धं पान पाहून ठरवा.